शुल्क तेलावर, आशा सोयाबीनवर: सप्टेंबर २०२४ च्या एका निर्णयाचे प्रकरण

१३ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढून खाद्यतेलांवरील आयात शुल्क वाढवले आणि दुसऱ्या दिवसापासून ते लागू झाले. कच्चे पामतेल, कच्चे सोयाबीन तेल आणि कच्चे सूर्यफूल तेल यांच्यावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के झाले. रिफाइंड तेलांवरचे १२.५ वरून ३२.५ टक्के झाले. उपकर आणि अधिभार जमेस धरले, तर कच्च्या तेलावरचा प्रत्यक्ष बोजा ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर आणि रिफाइंडवरचा १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेला. गणपती अजून घरात होते, मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन शेंगांत भरत होते, आणि विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

त्याच दिवशी कांद्याचे किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याखालच्या भावाने निर्यात करता येत नाही ती मर्यादा, रद्द झाले, कांद्यावरचे निर्यात शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आले आणि बासमती तांदळाचे किमान निर्यातमूल्यही हटले. पिकवणाऱ्याच्या बाजूचे इतके निर्णय एकाच दिवशी येण्याचा निवडणुकीशी संबंध नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. येथे विचार करायचा आहे तो त्यापुढच्या गोष्टीचा. एकच निर्णय एकाच रात्री, एकाच प्रकारच्या मोबाईलवरून, लातूरच्या शेतकऱ्याकडे आणि पुण्याच्या गृहिणीकडे पोहोचला. पुढच्या तीन महिन्यांत तेलाने निर्णयाचे ऐकले, सोयाबीनने ऐकले नाही. असे का झाले आणि या काळात हातातल्या मोबाईलने नेमके काय केले, हा या टिपणाचा विषय आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. भारत आपल्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयात करतो. वर्षाला सुमारे १६० लाख टन. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल प्रामुख्याने अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया, युक्रेन आणि अर्जेंटिनातून येते. एवढी मोठी आयात असल्यामुळे आयात शुल्क हे देशातल्या तेलाच्या भावाचे सर्वांत जवळचे सरकारी हत्यार ठरते: तेल महागले की शुल्क उतरवायचे, तेलबियांचे भाव पडले की चढवायचे. २०२१ मध्ये जगभर तेल भडकले तेव्हा ते टप्प्याटप्प्याने उतरवत नेले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोयाबीनने काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्यानंतर लगेच जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी देण्यात आली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत ते भाव राहिले नाहीत. दहा हजारांचा तो आकडा मराठवाड्याच्या पारावर आजही विसरला गेलेला नाही, आणि तो कोणी पाडला याबद्दलची मतेही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये भाव चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. त्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव ४,८९२ रुपये होता. महाराष्ट्रात सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टरांवर पेरले जाते आणि बहुतेक पेरा कोरडवाहू असतो. मुलांची फी, दसरा-दिवाळीचा खर्च, खतवाल्याची उधारी आणि रब्बीचे बियाणे या सगळ्यांची सोय याच एका पिकाच्या पट्टीतून होते. त्यामुळे शुल्कवाढीची बातमी या भागात अर्थकारणाच्या पानावर वाचायची बातमी राहिली नाही. ती घराच्या हिशेबात शिरली.

बातमी आली कशी, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. अधिसूचना इंग्रजीत, शुल्काच्या तक्त्यांसह आणि वकिली भाषेत होती. काही तासांत तिची पीडीएफ प्रत शेतकऱ्यांच्या, आडत्यांच्या आणि कृषी सेवा केंद्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागली. पीडीएफ उघडून पाहणारे थोडे आणि तिच्या वरची मराठी ओळ वाचणारे बहुतेक, हा अशा संदेशांचा नेहमीचा अनुभव. त्या वरच्या ओळीत हळूहळू आकडा शिरतो, आधी पाच हजार, मग सहा हजार. पुढे यूट्यूबवरचे बाजारभावाचे व्हिडिओ येतात, ज्यांच्या मुखपृष्ठावर वर जाणारा बाण असतो आणि शीर्षकात प्रश्नचिन्ह असते. प्रश्नचिन्हामुळे बनवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि बाणामुळे बघणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटते. हे सगळे खोटे असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक जण प्रामाणिकपणे, रोज सकाळी सात-आठ बाजार समित्यांचे भाव गोळा करून सांगतात आणि त्यांच्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी आडत्याच्या तोंडी असलेले ज्ञान आज शेताच्या बांधावर मिळते. अडचण त्या भावांच्या वाचनात आहे. बाजार समितीच्या नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. कमाल दर बहुधा बियाण्याच्या प्रतीच्या किंवा अगदी कोरड्या, निवडक मालाच्या एखाद्या लहान ढिगाचा असतो. मोबाईलवर पुढे पुढे जाते ती मात्र कमाल दराचीच ओळ. मग ओल्या मालाची ट्रॉली घेऊन आलेला शेतकरी, मॉइश्चर मीटरवर १६-१७ चा आकडा दिसल्यावर, आपल्याला मिळालेल्या दराची तुलना त्या कमाल दराशी करतो आणि आपण लुबाडले गेलो असे समजतो. कधी ते खरे असते, कधी नसते; पण ठरवायला त्याच्याकडे तिसरे साधन नसते.

ते साधन एके काळी होते. सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचे आज ठरणारे सौदे, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात होत असत आणि पुढच्या महिन्यांचा अंदाज, बरा-वाईट का होईना, त्यातून मिळत असे. २० डिसेंबर २०२१ रोजी बाजार नियामक सेबीने सोयाबीन, मोहरी, हरभरा, गहू, मूग, बिगर-बासमती भात आणि कच्चे पामतेल यांचे वायदे थांबवले. बंदी एका वर्षाची होती, ती पुढे वाढवत नेली गेली. वायदे म्हणजे सट्टा आणि सट्ट्यामुळे महागाई, हा त्यामागचा सरकारी तर्क. तो बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. प्रस्तुत प्रकरणापुरते एवढे नोंदवले पाहिजे की १४ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी ‘शुल्कवाढीनंतर डिसेंबरात सोयाबीन कितीला जाईल’ या प्रश्नाला उत्तर देणारा एकही अधिकृत भारतीय बाजार चालू नव्हता. ती रिकामी जागा शिकागोच्या वायद्यांचे स्क्रीनशॉट, तेलकारखान्यांचे रोजचे प्लांट रेट आणि अंदाजांचे व्हिडिओ यांनी भरून काढली. यांपैकी प्लांट रेट हा सर्वांत खरा, कारण त्या भावाने कारखाना त्या दिवशी खरोखर माल घेतो. पण तो फक्त त्या दिवसाचा असतो, पुढच्या महिन्याबद्दल काही सांगत नाही.

आता मुख्य गाठ. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, सरकारी याद्यांतही ते तेलबियांतच बसते, पण एक क्विंटल सोयाबीन गाळले तर तेल निघते साधारण १८ किलो आणि उरते सुमारे ८० किलो पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. म्हणजे दाण्याची किंमत दोन ग्राहकांच्या खिशावर अवलंबून आहे: एक तेल विकत घेणारे घर आणि दुसरा कोंबड्यांचे खाद्य बनवणारा कारखाना. आयात शुल्क फक्त पहिल्याला हात लावते. उदाहरणादाखल हिशेब करू. शुल्कामुळे तेल किलोमागे २० रुपयांनी महागले, तर एका क्विंटलमधल्या तेलाची किंमत ३६० रुपयांनी वाढते. त्याच वेळी पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली, तर ८० किलोंमागे ४०० रुपये जातात. हिशेब संपला, तेल वाढूनही दाण्याला ४० रुपये कमी मिळाले. ही साधी बेरीज-वजाबाकी एकाही पुढे पाठवलेल्या संदेशात असण्याची शक्यता नव्हती, कारण संदेश तेलाच्या शुल्काबद्दल होता आणि पेंडीबद्दल कोणतीही अधिसूचना निघालेली नव्हती.

पेंड प्रत्यक्षातही उतरली. ती का उतरली, याचे एक मोठे उत्तर इथेनॉलमध्ये आहे. जागतिक बाजारात ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या भरघोस पिकामुळे पेंड स्वस्त होतीच, त्यामुळे निर्यातीला वाव कमी होता. देशात आणखी एक घडामोड झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये, कमी पावसामुळे साखर कमी पडेल या भीतीने, उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्राने निर्बंध घातले. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी त्याविरुद्ध बरीच ओरड केली, ती सर्वांना आठवत असेल. पेट्रोलमध्ये मिसळण्याचे उद्दिष्ट मात्र कायम होते, म्हणून इथेनॉलचा भार मक्याकडे आणि तांदळाकडे वळला. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो त्याला डीडीजीएस म्हणतात, आणि तांदळाच्या डीडीजीएसमधील प्रथिने सोयापेंडीच्या जवळपास असतात. तो सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त पडतो. खाद्यकारखान्यांनी साहजिकच आपल्या मिश्रणात पेंडीचा वाटा कमी केला. अशा रीतीने उसाबद्दल घेतलेल्या एका निर्णयाने सोयाबीनच्या भावाचा पाया खचवला आणि तेलाबद्दल घेतलेला दुसरा निर्णय त्यावर टेकू म्हणून लावला गेला. दोन्ही निर्णय दिल्लीतले, पण वेगवेगळ्या मंत्रालयांच्या गरजांतून आलेले.

भाव काही दिवस सुधारले, हे मान्य केले पाहिजे. अधिसूचनेनंतर क्विंटलमागे काही शे रुपयांची चढ दिसली आणि ग्रुपांवरचा उत्साह त्यामुळे खरा वाटू लागला. ऑक्टोबरात काढणी सुरू झाली, परतीच्या पावसाने माल भिजला, आवक एकदम वाढली आणि भाव पुन्हा हमीभावाच्या बऱ्याच खाली आला. यात ज्याला थांबता येत होते तो सहा हजारांच्या अंदाजावर थांबला. ज्याला थांबता येत नव्हते त्याने तो अंदाज वाचूनही चार हजारांच्या आसपासच्या भावाने माल घातला. बातमी दोघांनाही सारख्याच वेळी कळली होती. गोदाम, वाळवायला ताडपत्री आणि दोन महिन्यांची उधारी पेलण्याची ताकद या गोष्टी मोबाईलवर मिळत नाहीत. आणि गंमत अशी की थांबलेल्यालाही पुढे फारसे मिळाले नाही.

तेलाची बाजू याच्या नेमकी उलट चालली. १७ सप्टेंबरला केंद्रीय अन्न सचिवांनी तेल उद्योगाच्या संघटनांची बैठक घेतली आणि जुन्या शुल्काने आलेला साठा संपेपर्यंत छापील किमती वाढवू नयेत असे सांगितले. असा साठा सुमारे ३० लाख टन असून तो ४५ ते ५० दिवसांना पुरेल, असे सरकारचे म्हणणे होते. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. म्हणजे हा हिशेब खरा ठरला असता तर फराळ जुन्या भावाच्या तेलात तळला गेला असता. प्रत्यक्षात दसऱ्याच्या आतच किराणा दुकानांत लिटरमागे वीसेक रुपयांची वाढ सर्रास झाली होती. व्यापाऱ्याची बाजूही आहे: पुढचा माल नव्या शुल्काने भरायचा असेल तर आजचा माल जुन्या भावाने विकून भांडवल कमी पडते. शिवाय इंडोनेशियाने बायोडिझेलमध्ये पामतेलाचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवल्यामुळे पामतेल जगभरच तेजीत होते आणि काही काळ ते सोयाबीन तेलापेक्षाही महाग झाले, जे सहसा होत नाही. म्हणून सगळी वाढ शुल्काच्या माथी मारणे बरोबर नाही. पण शुल्काने एकदम किंमत चढवली हेही नाकारता येत नाही. दीर्घकाळ उणे राहिलेला तेल-चरबी गटाचा महागाईदर ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेनऊ टक्क्यांच्या घरात गेला. त्या महिन्यातली एकूण किरकोळ महागाई ६.२१ टक्के होती. तिचे मोठे कारण भाजीपाला होता, पण तेलाचे नाव त्या यादीत नव्याने आले होते.

घरात हे कसे उतरले, याचे एक चित्र पुरेसे आहे. मुंबई-पुणे-नाशिकच्या उपनगरांत घरगुती फराळ करून विकणाऱ्या बायकांचा आणि बचत गटांचा व्यवसाय आता जवळजवळ पूर्णपणे व्हॉट्सअॅपवर चालतो. चकली, शेव, शंकरपाळे, करंजी, चिवडा आणि अनारसे यांचे किलोचे दर एका रंगीत चित्रात छापून ते गणपतीच्या सुमारास सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर पाठवले जाते, परदेशी पार्सल पाठवणाऱ्यांच्या ऑर्डर तर त्याहून आधी येतात. २०२४ मध्ये हे दरपत्रक फिरून झाले आणि मग तेल चढले. कागदावरचा दर खोडून बदलता येतो. शंभर जणांच्या मोबाईलमध्ये साठलेले चित्र मागे घेता येत नाही. नवा दर कळवला की ग्राहक जुन्या चित्राचा स्क्रीनशॉट पाठवतो, तोही ग्रुपवर, सगळ्यांदेखत. त्यामुळे जुन्या ऑर्डरींचा तोटा बहुतेकींनी स्वतः सोसायचा आणि नव्या ऑर्डरींना नवा दर लावायचा, असा मधला मार्ग निघतो. चकलीच्या प्रत्येक घाण्याला तेल खाल्ले जाते आणि तळून काळे पडलेले तेल पुन्हा वापरता येत नाही, हा खर्च चित्रातल्या दरात कधीच दिसत नाही. मोठे फरसाणवाले वेगळा उपाय करतात: पाकिटाचा भाव तोच ठेवून वजन उतरवतात. तेलाच्या पिशवीचेही तसेच आहे. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते; दुकानात मात्र ८५०, ८०० किंवा ७५० ग्रॅमच्या, दिसायला जवळपास तेवढ्याच पिशव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अॅपवर त्यांची चित्रे एकाच मापाची दिसतात आणि स्वस्त ती वर येते. भाव ताडून पाहणे अॅपमुळे सोपे झाले, वजन ताडून पाहणे मात्र अवघड झाले.

शेतकऱ्याच्या बाजूने सरकारने जे केले तेही पडद्यावरूनच केले. खरीप २०२३ च्या कापूस आणि सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत राज्य सरकारने जाहीर केली होती. तिच्यासाठी आधी ई-पीक पाहणीच्या अॅपवर नोंद हवी होती; ज्यांच्या सातबाऱ्यावर पीक होते पण अॅपवर नव्हते, त्यांचा समावेश ओरड झाल्यावर केला गेला. हमीभावाच्या खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी, आधार, बँक खाते आणि नंतर ‘माल घेऊन या’ असा मोबाईलवर येणारा संदेश, अशी पद्धत होती. नोव्हेंबर-डिसेंबरात मराठवाड्यात भेटणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘मेसेज आला का?’ हाच झाला होता. सुरुवातीला १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल परत जात होता; मतदानाला पाच दिवस उरले असताना, १५ नोव्हेंबरला, ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्के करण्यात आली. नंतर बारदाना कमी पडला, खरेदी रखडली, मुदत वाढवावी लागली. अखेर राज्यात सुमारे ११ लाख टनांची खरेदी झाली. ही महाराष्ट्रासाठी लहान गोष्ट नव्हती आणि ज्यांचा माल घेतला गेला त्यांना ४,८९२ रुपये मिळाले, जे बाजारात मिळत नव्हते. पण राज्यातले एकूण उत्पादन याच्या कितीतरी पट होते आणि उरलेला सगळा माल बाजारभावानेच गेला. प्रचारसभांत दोन्ही बाजूंनी उच्चारलेले सहा आणि सात हजारांचे आकडे निकालानंतर ग्रुपांवर फक्त उपरोधाने फिरत राहिले.

निर्णयाला आणखी एक पळवाट फुटली, तिचा उल्लेख करून पुढे जाऊ. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली नेपाळमधून येणाऱ्या मालावर शुल्क नाही. नेपाळात सोयाबीन नगण्य पिकते, तरी शुल्कवाढीनंतर तिथून भारतात येणाऱ्या रिफाइंड सोयाबीन तेलाचा ओघ झपाट्याने वाढला. कच्चे तेल बाहेरून आणायचे, नेपाळात शुद्ध करायचे आणि शुल्क न भरता सीमा ओलांडायची, असा तो मार्ग.

३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलांवरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले आणि प्रत्यक्ष बोजा १६.५ टक्के झाला. रिफाइंडचे शुल्क तसेच राहिल्यामुळे दोहोंतले अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेले. यात फायदा कोणाचा हे पाहिले तर चित्र स्पष्ट होते: तयार रिफाइंड तेल आणणे परवडेनासे झाले, म्हणून देशातल्या शुद्धीकरण कारखान्यांना काम मिळाले, ग्राहकाला सवलत द्यावी असे उद्योगाला सांगण्यात आले. सोयाबीन उत्पादकाला नऊ महिन्यांपूर्वी दिलेल्या संरक्षणाचा अर्धा भाग पेरणीच्या तोंडावर काढून घेतला गेला. या वेळची अधिसूचनाही त्याच ग्रुपांवर, तशाच पीडीएफच्या रूपात आली, पण वरच्या ओळीत आकडा नव्हता.

त्या पंधरवड्यातच खरीप २०२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. मागच्या हंगामात ४,८९२ चे काय झाले ते पाहिलेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांनी वेगळा हिशेब केला. त्या खरिपात देशातले सोयाबीनचे क्षेत्र घटले आणि मक्याचे वाढले, कारण इथेनॉल कारखान्यांमुळे मक्याला मागणी होती. त्या कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस पुन्हा कोंबडीखाद्यातच जातो, आणि ज्यांनी सोयाबीन कायम ठेवले त्यांच्या पेंडीचा भाव त्यावरच ठरतो.